चांदवडचं आभाळ

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात क्लार्क आहे. गेल्या वर्षी आमच्या एका प्राध्यापकांनी फोटोवरून हवामान ओळखणारं ॲप बनवलं. डीप लर्निंग म्हणतात त्याला. हजारो फोटो दाखवून, हा पाऊस, हे ढगाळ, हे निरभ्र, असं मशिनला शिकवायचं. फोटोंवर ही नावं टाकायचं काम अर्थातच ऑफिसात आलं, म्हणजे माझ्याकडे.

गठ्ठ्यातला वरचा कागद वाचून बाकीच्यांवर शिक्का मारायची माझी जुनी सवय. इथेही वरचा एकेक फोटो बघून इगतपुरीच्या फोल्डरला सरसकट ‘पाऊस’ दिलं, चांदवडच्या फोल्डरला ‘निरभ्र’, आणि चहाला गेलो.

ॲपचं उद्घाटन यंदा एप्रिलमध्ये झालं. व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि सात सत्कार. हारांचं तबक माझ्या हातात. दुसरं भाषण रंगात असताना चांदवडहून ताईचा फोन आला. तिचा काढलेला कांदा वावरात सुकत पडला होता, आणि ॲप मीच तिच्या फोनवर आधी टाकून दिलं होतं.

“आभाळ लय काळं झालंय रे. तुमच्या मशिनीला फोटो दाखवला तर ती निरभ्र म्हणती. झाकू का नको? उगंच झाकला तर उबून सडायचा.”

तिने मलाही तोच फोटो पाठवला होता. खाली ओळखीचे डोंगर, वर शाईसारखं आभाळ. मशिनने डोंगर ओळखले होते; चांदवडचे डोंगर म्हणजे निरभ्र. आभाळाकडे बघायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तबक खुर्चीवर ठेवून मी बाहेर आलो.

“ताई, झाक. आत्ताच्या आत्ता.”

“आन् मशीन?”

“तिचं ऐकू नको.”

“का? एवढे मोठे साहेब लोक जमलेत म्हनला ना तू?”

“तिला मी शिकवलंय.”

“मग आधी सांगायचं नाय का,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर पाच वेळा लावला, उचलला नाही. आत टाळ्या चालल्या होत्या. ‘अचूकता’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. तासाभराने तिचा फोन आला. पाऊस आला तोवर ताडपत्री अर्ध्या कांद्यावरच पोचली होती.

रविवारी भाच्याने मोटरसायकलवर एक ओली गोणी आणून दिली. ताईचा निरोप होता, “मामाला म्हणावं, हा निरभ्र कांदा. आठ दिवसांत संपव.”

प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. सध्या मी चांदवडचं फोल्डर एकेक फोटो उघडून बघतो आहे. हाताचा कांद्याचा वास अजून गेलेला नाही.