बबनअण्णांनी परत आणलेली माणसं

दर अमावास्येला बबनअण्णा वाडीतल्या बंद घरांच्या कुलपांना तेल घालायचे. पुण्या-मुंबईला गेलेल्या एकोणीस घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. "मालक आला आन् कुलूपच हटून बसलं, तर तो पावण्यावानी माघारी जाईल," असं त्यांचं म्हणणं.

आयुष्यभर एसटीत कंडक्टर. निवृत्तीनंतर जुन्नरच्या पुढची आमची ओस पडत चाललेली वाडी पुन्हा भरायचं त्यांनी मनावर घेतलं. मी भोसरीत कारखान्यात. मला दर रविवारी फोन. "गावाचं येष्टीवानी आसतं राव. शीटं भरली न्हाईत तर फेरी बंद व्हती. कधी येतूस?" मी टोलवाटोलवीत पटाईत. पण माझ्या खोलीशेजारी राहणारा, आमच्याच वाडीचा दत्तू त्यांच्या गळाला लागला आणि बायकोला, सविताला, घेऊन गावी गेला. वर्षभरात त्याचं बस्तान बसलेलं पाहून मीही खोली सोडायचं ठरवलं आणि मोठ्या आनंदाने अण्णांना फोन लावला.

"येऊ नगंस," अण्णा म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. हे अण्णाच बोलतायत का, असंही वाटून गेलं.

"सविताला वाघानं मारली. भर दुपारी. गुरांना घास कापाया वाकली व्हती."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मागच्या महिन्यातच वाडीला गेलो होतो, तेव्हा तिने मला शेंगा बांधून दिल्या होत्या.

दहाव्याला गेलो. अण्णा कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. विधी आटोपून घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत दत्तूच्या पायांवर ठेवली. पोराच्या वयाच्या माणसाच्या पायांवर. "तुला मी आनला, दत्तू. माजं ऐक, परत जा."

दत्तूने टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. "तुमी आनलं म्हनून मी आलो व्हतो, अण्णा. ती तिच्या मनानं आली व्हती. मला म्हनली, तुमी ऱ्हावा भोसरीत, मी चालले. आता तिला हितं टाकून मी कुटं जाऊ?"

अण्णा मटकन भुईवर बसले आणि ढसाढसा रडले. त्यांना तसं पाहून मी हादरलो.

दत्तू घास कापतो तोवर अण्णा रोज काठी घेऊन बांधावर उभे असतात, असं ऐकतो. मी भोसरीतच आहे. 'अण्णांनीच नको म्हटलं,' असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी घाबरलो.