शिवेवरचा गाडा

रोगराईला सीमा नसते, असं तालुक्याचे डॉक्टर आमच्या चावडीसमोर म्हणाले. ते वेल्ह्याहून जीपनं आले होते, गळ्यात झेंडूचा हार होता, आणि हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. एकोणीसशे साठचं दशक तेव्हा संपत आलं होतं. पासलीच्या पलीकडच्या त्या वाडीत मी शाळामास्तर होतो. होळीनंतर झरे आटले, सगळी वाडी एकाच कुंडातलं पाणी भरू लागली, आणि पटकी सुरू झाली.

लस टोचल्याशिवाय कोणी वाडी सोडायची नाही, असा हुकूम झाला. लस कुठे आहे, असं मी विचारलं. ती मागवली होती. जीप गेली आणि ओढ्यावर एक हवालदार राहिला.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला उत्रोलीला, माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते आणि त्या वेळी तिथं असेन असं मी तिला कबूल केलं होतं. मी रोज ओढ्यापर्यंत जायचो, हवालदाराला तंबाखू द्यायचो आणि परत यायचो. पाणी उकळून प्यायचो. उरलेला वेळ जुनी पुस्तकं पुन्हा वाचायचो. त्यांतली माणसं सारखी प्रवासाला निघालेली असत.

वाडीनं लसीची वाट पाहिली नाही. तिथला रिवाज असा, की पटकी आली की सुताराकडून हातभर लाकडी गाडा करून घ्यायचा, त्यात मरीआईला बसवायचं, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायचा, आणि वाजतगाजत ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. पुढच्या गावाला गाडा नाकारता येत नाही. तेही त्याची पूजा करून त्याला पुढं लावून देतं. सुताराला एका चाकापुरती फळी कमी पडली, तेव्हा पाटील शाळेतला मोडका बाक घेऊन गेले. त्याच्यावर पोरांनी तिनाचा पाढा कोरला होता. तीन सत्ते बावीस.

“मास्तर, तुमी गाड्यासंगं चला की,” पाटील म्हणाले. “आईच्या गाड्याला हवालदार अडवत न्हाई.”

“मला लस टोचलेली नाही.”

“तिला तरी कुठं टोचलीय?”

पटकी पाण्यातून जाते, गाडा ओढणारे पुढच्या गावच्या पाणवठ्यावर हातपाय धुणार, हे मी त्यांना समजावू लागलो.

“पानी आमी रोज पितो,” पाटील शांतपणे म्हणाले. “पटकी रोज येती व्हय?”

हवालदारानं जोडे काढून गाड्याला वाट दिली. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. रोग अंगात घेऊन हिंडणारा माणूस आजारी दिसेलच असं नाही, एवढं मी वाचलं होतं. माझ्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. उत्रोलीला पोचल्यावर पाण्याचा पहिला तांब्या कोण पुढं करणार, हे मात्र ठाऊक होतं. मी परत फिरलो.

“आता लेकरूच चालत येतंय बगा तुमाला न्यायला,” हवालदार म्हणाला.

मग बातम्या येऊ लागल्या. गाडा ज्या क्रमानं गावं घेत गेला, त्याच क्रमानं पटकी लागली. डॉक्टरांचं वाक्य तेवढं खरं नव्हतं. रोग प्रत्येक सीमेवर थांबत होता, पूजा घेत होता आणि मग पुढं जात होता.

शेवटी लस आली, हवालदाराचा पहारा उठला, आणि मी पिशवी भरली. निघालो तर दारात पाटील.

“आज न्हाई जाता यायचं. गाव बांधलंय.”

वरच्या अंगाच्या गावानं रातोरात आमच्या शिवेवर गाडा आणून ठेवला होता. तो पुढं जाईपर्यंत कोणी शीव ओलांडायची नाही, आणि तो हलायचा मंगळवारी. ही बंदी मोडून गेलो असतो, तर वाडीतलं त्यानंतरचं प्रत्येक दुखणं माझ्या नावावर लागलं असतं. तरी मी शिवेपर्यंत गेलो. गाड्याच्या पलीकडे पोस्टमन थांबला होता. त्यालाही ओलांडायचं नव्हतं. त्यानं कार्ड तिथूनच मोठ्यानं वाचलं, “मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. तुम्ही कधी येता?”

आमच्या खोऱ्यातली गावं ओढ्याच्या एका काठानं खाली उतरतात आणि दुसऱ्या काठानं वर चढतात. गाड्याला नवा रंग होता, बांगड्या नव्या होत्या. डाव्या चाकावर तीन सत्ते बावीस होते.