उर्दूतली आई

"वाळवी लागली म्हणून सांग. विषय संपला."

"पत्र्याच्या ट्रंकेला वाळवी? अप्पांचे डोळे गेलेत, अक्कल नाही गेली."

"हळू बोल जरा. कान तिखट आहेत त्यांचे."

"मग ऐकू देत की! मीच दिली रद्दीत. चोरी नाही केली." कालिंदीनं हातातली पोळी तव्यावर अशी टाकली की तवाच सरकला.

तिचा नवरा श्रीधर स्वयंपाकघराच्या दारात बनियनवर उभा होता. जिल्हा परिषदेत वीस वर्षं टिपण्या लिहून त्याला एक सवय लागली होती. प्रकरण सुटण्यापेक्षा बंद झालेलं त्याला जास्त आवडायचं. "खरं सांगून काय होणार?" तो म्हणाला. "वही तर येणार नाही. म्हाताऱ्या माणसाला उगीच चटका."

"आणि खोटं सांगून येणार आहे का?"

श्रीधर टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

चूक कालिंदीचीच होती, आणि तीच गोष्ट तिला गिळता येत नव्हती. नवरात्राच्या आधी उस्मानपुऱ्यातल्या या घराला चुना द्यायचा होता, म्हणून तिनं माळा रिकामा केला. माळ्यावर अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, ट्रंक होती. अप्पा निजामाच्या काळात वैजापूरच्या तहसिलीत नोकरीला लागलेले. तेव्हाचा कागद न् कागद उर्दूत. ट्रंकेत जुनी कायद्याची पुस्तकं, शाळेतली क्रमिक पुस्तकं, कसल्याशा वह्या. घरात अप्पांशिवाय कुणाला उर्दू येत नव्हती, आणि अप्पांना तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं आंधळं करून ठेवलेलं. निजाम जाऊन पस्तीस वर्षं झाली, आता ही झुरळांची धर्मशाळा कशाला ठेवायची, असं म्हणून तिनं सगळा गठ्ठा दारावर येणाऱ्या रद्दीवाल्या कडूबाच्या हातगाड्यावर घातला. ट्रंकेत हिवाळ्याची पांघरुणं मावली. त्या रात्री ती समाधानानं झोपलीही.

चौथ्या दिवशी सकाळी अप्पांनी तिला हाक मारली.

"कालिंदी, नवमी कधी आहे?"

अविधवा नवमीला अप्पांच्या आईचं श्राद्ध असायचं. दरवर्षी त्या दिवशी पानं उठली की अप्पा ट्रंक घेऊन अर्धा तास दार लावून बसत. जुने कागद चाळत असतील, असं सगळे धरून चालले होते.

"पाच दिवसांवर आली, अप्पा."

"ट्रंकेत एक वही आहे. निळ्या लुगड्याच्या तुकड्याचं कव्हर शिवलंय. ती वर काढून ठेव. तीन वर्षं नुसती मांडीवर घेऊन बसतोय. यंदा कुणाकडून तरी वाचून घेऊ."

"काय आहे तीत?" कालिंदीनं विचारलं.

"आई आहे," अप्पा म्हणाले. मग स्वतःलाच ते जास्त वाटलं असावं, कारण त्यांनी सरळ करून सांगितलं. "सहा महिने अंथरुणावर होती. मी बारा वर्षांचा. ती दिवसभर बोलायची आणि मी शेजारी बसून लिहायचो. शाळा उर्दूतली, हात त्यातच बसलेला. बालबोध लिहायला गेलो की ती चार वाक्यं पुढं जायची. म्हणून लिपी उर्दू. बोलणं तिचंच, मराठीतलं. तिचा फोटो नाही बघ. तेवढंच आहे."

कालिंदी "बरं" म्हणाली आणि आत येऊन ओट्याला धरून उभी राहिली.

तर आता, श्रीधर आंघोळीला गेल्यावर, तिनं उरलेल्या पोळ्या लाटल्या, मुलीचा, मीनाक्षीचा, डबा भरला आणि पायांत चपला घातल्या.

कडूबा कोपऱ्यावरच्या लिंबाखाली सापडला. "माय, उर्दूचं कोन घेतं?" तो म्हणाला. "किराणावाले पुड्यालाबी घेत नायत. पाक अक्षर असंल, पायाखाली जाईल म्हनत्यात. लई हिंडलो मी. थोडं औरंगपुऱ्यात टाकलं, थोडं शहागंजात."

"कुठल्या दुकानात?"

"आता दुकानाचं नाव मला वाचता आलं असतं, तर मी गाडा ढकलला असता व्हय?"

कालिंदीनं आयुष्यात शहागंजात भाजी घेतली होती, बांगड्या भरल्या होत्या, पण पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. लग्नाआधी सातवीपर्यंत शिकली. नंतर घरात पुस्तकं आली ती मुलीसाठी, आणि आणायची श्रीधरनं. औरंगपुऱ्यातल्या पहिल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती पदर सावरून उभी राहिली, तर दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "कितवीचं?"

"उर्दू वही आहे का, हातानं लिहिलेली?"

त्यानं आता वर पाहिलं. "बाई, इथं गाईड मिळतात. नववी, दहावी, बारावी सायन्स."

दुसरं दुकान काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्याचं होतं, बोळासारखं लांबट. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं आणि मधे एकच माणूस मावेल एवढी वाट. "गठ्ठा आलाय, अजून सोडला नाही. तुमच्या हातानं बघा," ते म्हणाले, आणि पेपर वाचू लागले. कालिंदीनं गठ्ठा सोडला. कायद्याची दोन पुस्तकं अप्पांचीच निघाली, वर त्यांची सही. वही नव्हती. पण गुडघ्यांवर बसल्याबसल्या तिच्या लक्षात आलं की आपण तासभर इथं आहोत, आणि कुणी "काय पाहिजे" म्हणून मागं लागलेलं नाही. अर्धा तास तर ती नुसतीच पुस्तकं चाळत होती. एकाच्या आत पिंपळाचं पान होतं, एकाच्या पहिल्या पानावर 'सौ.ला, रुसवा काढण्यासाठी' असं लिहिलेलं. तिला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही. वही हरवलीय आणि आपण दुसऱ्यांचे रुसवे काय वाचतोय!

शहागंजात पोचेपर्यंत दोन वाजले. घड्याळाच्या टॉवरमागच्या गल्लीत ती पाट्या बघत चालली होती. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तेव्हा ती तिसरीत होती. तोवर शाळेत उर्दू होती. मग एक दिवस मास्तरांनी फळा पुसला आणि मराठी सुरू केली ती कायमची. आता एका पाटीवरचा अलिफ तिला ओळखू आला. पुढचा बे पण. त्यापुढं सगळं ओळखीच्या गर्दीत अनोळखी माणसांसारखं.

दुकान मोईनोद्दीनभाईंचं होतं. साठीचे, मेंदीनं लाल केलेली दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"निळ्या कपड्याची वही?" ते उठलेच. "अम्मा, वो आपकी है क्या? मैं तो डर गया था."

"डरायचं काय तिच्यात?"

"पढ़ता हूं तो समझता नहीं. हर्फ उर्दू के, लफ्ज पता नहीं कायके. मैं बोला कोई अमलियात की किताब है, जिन-विन उतारने की. बेचूं तो गुनाह, फेकूं तो गुनाह. उठाके ताक पे रख दिया." त्यांनी वरच्या फळीवरून, अत्तराच्या बाटलीमागून, वही काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली.

निळं कापड विटलेलं, टाके मुलाच्या हातचे, वाकडेतिकडे. कालिंदीनं ती घेतली नाही. ती स्टुलावर बसली. "वाचा," ती म्हणाली. "जसं दिसतं तसं. मोठ्यानं."

मोईनोद्दीनभाईंनी चष्मा सावरला आणि ते एकेक अक्षर जुळवत वाचू लागले. "मे-थी-चे... चा-र... दा-ने... जा-स्त... झा-ले... तर..."

"कडू होतं!" कालिंदी म्हणाली. "मेथीचे चार दाणे जास्त झाले तर मेतकूट कडू होतं. पुढं?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं. "ये तो मराठी है! या अल्ला! मैं चार दिन से उर्दू समझके माथा फोड़ रहा हूं!"

मग दोघांना जोरच आला. ते आवाज काढायचे, ती अर्थ. पापडखार किती, थोरल्या वन्संच्या मुलाचा जन्म कुठल्या घटकेचा, शेजारच्या लक्ष्मीबाईला उसना दिलेला तांब्या अजून परत आला नाही. एका पानावर ते अडखळले आणि दोनदा वाचून हसले. "'मध्या, लिहू नको. आधी जेव.' और उसने ये भी लिख दिया!"

अप्पांचं नाव मधुसूदन. कालिंदीनं पदर डोळ्यांना लावला. हसताहसता रडू कुठून सुरू झालं, ते तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी तिनं वही अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मी रद्दीत दिली होती. मला ठाऊक नव्हतं. आज शोधून आणली."

श्रीधर दारातच थांबला. अप्पांचा हात कापडावरून, मग टाक्यांवरून फिरला.

"पानं?"

"सगळी आहेत. एक टाकाही उसवलेला नाही."

अप्पांनी एवढा मोठा निःश्वास सोडला की मीनाक्षी आतून बघायला आली. मग ते चक्क हसले. "कडूबानं आईला अख्ख्या शहरात फिरवून आणलं म्हणायचं. जन्मात वैजापूर सोडलं नव्हतं तिनं."

श्रीधरही हसला, सकाळपासून पहिल्यांदा, आणि सुटल्यासारखा खुर्चीत बसला. "झालं मग. आमच्या ऑफिसात एकजण आहे उर्दू येणारा. नवमीला बोलावतो, तासाभरात वाचून टाकेल."

"वाचून टाकायला ती फाईल नाही," कालिंदी म्हणाली. "वही ज्यांच्याकडं सापडली ते शहागंजातले मोईनोद्दीनभाई येतील नवमीला."

"श्राद्धाच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"चार वाजता येतील. तोवर पानं उठलेली असतात, आणि लोक ढेकर देऊन झोपलेले असतात."

"येऊ दे," अप्पा म्हणाले. "आणि नंतर? परत कधी ऐकावंसं वाटलं तर? दरवेळी त्या माणसाला शहागंजातून आणायचा का?"

कालिंदीनं चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. "नाही. त्यांची बहीण मुलींना उर्दू शिकवते. मी बोलून आलेय. नवमी झाली की सोमवारपासून रोज तीन ते पाच मी शहागंजात शिकायला जाणार. त्या वेळात घरात काय हवं-नको ते तुमचं तुम्ही बघायचं."