गंगावेशीतला म्हैसवाला

गंगावेशीत संध्याकाळी एक म्हैसवाला गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायचा. शिरोळकडची एक म्हातारी रोज यायची. पुरात तिचं घर आणि नवरा दोन्ही गेल्यापासून ती इथं भाच्याकडं राहायची.

पेला तोंडाला लावून ती म्हणायची, “पानी हाय.”

“म्हशीच्या पोटात जाऊन वतलं व्हय?” तो ओरडायचा.

एकदा ती बरेच दिवस फिरकली नाही. तर हा आम्हा गिऱ्हाइकांना सोडून, म्हैस घेऊन भाच्याच्या दारात. मीही मागोमाग गेलो.

म्हातारी बाहेर आली. “वाळली की ही. उपाशी ठेवतोस व्हय रं?”

दोघं मनसोक्त भांडली.

परतताना तो म्हणाला, “पुरापास्नं घरातली समदी तिच्याशी हळू आवाजात बोलत्यात, पावणं. भांडाय कुणीतरी पायजे की.”