कसं लागते, सांग

सौंसरहून येणारी दुपारची बस आमच्या दुकानापुढे थांबत नाही, तिचा थांबा पुढे चौकात आहे. त्या दिवशी ती थांबली. कंडक्टर स्वतः खाली उतरला आणि गल्ल्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्याशी हळू आवाजात काही बोलला. फोन लागत नव्हता म्हणून भाऊजींनी बसबरोबर निरोप पाठवला होता. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ह्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मला कळलं... माझी ताई गेली. दुखणं पोटाचं होतं, नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं आणि माझ्या मनाची तयारी झाली आहे असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. कसली तयारी अन् कसलं काय! पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत मी बसमध्ये लहान पोरीसारखी रडत गेले.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणत होते, कुसुमताई म्हणजे अन्नपूर्णा, घासातला घास काढून देणारी, सोशिक. ज्यांनी तिला गेल्या चार वर्षांतच पाहिलं त्यांना ती तशी दिसली असेल, त्यांचा दोष नाही. पण माझी ताई सोशिक वगैरे काही नव्हती. ती एक नंबरची खादाड होती, आणि ते तिच्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं म्हणून हा लेख.

आमचे बाबा संत्र्यांचे व्यापारी. हंगामात पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आमच्या पेट्या चढायच्या आणि आम्ही दोघी बहिणी बाबांच्या मागे मागे फलाटावर. मद्रासकडून दिल्लीला जाणारी गाडी थांबली की ताई फ्रॉकच्या ओच्यात संत्री घेऊन खिडक्या-खिडक्यांनी फिरायची. विकायला नाही. एक संत्रं द्यायचं आणि समोरच्याच्या डब्यात जे असेल त्यातला एक घास मागायचा, असा तिचा सौदा. कुणा मद्रासी बाईचा चिंचेचा भात, कुणा सरदारजीचा मुळ्याचा पराठा, केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी हलली की ती अर्धा घास माझ्या तोंडात घालायची आणि डोळ्यांत डोळे घालून विचारायची, "कसं लागते, सांग." नुसतं छान म्हटलेलं तिला चालत नसे. आंबट तर कशासारखं आंबट, तिखट तर जिभेवर की घशात, हे सांगितल्याशिवाय ती दुसरा घास देत नसे. कुणाचं काय खाते म्हणून आईनं तिला धपाटे घातले, बाबांनी फलाटावर यायला बंदी केली, पण ताई सुधारली नाही. दिल्ली-मद्रास न पाहता तिनं दोन्हीकडचं जेवून घेतलं होतं.

सौंसरला दिलं ते तहसिलीतल्या एका सज्जन माणसाच्या घरी. भाऊजींना वरण-भात, तोंडी लावायला झुणका एवढं मिळालं की स्वर्ग. तिच्या नव्या नव्या प्रयोगांना ते मुकाट्यानं सामोरे जायचे आणि विचारलं की "बरं आहे" एवढंच म्हणायचे. यावरून त्यांची रोज भांडणं होत आणि ती भांडणं ऐकायला मला फार आवडायचं. मग मीनू झाली. आणि आठ वर्षांची होता होता ती पायऱ्या चढताना थांबायला लागली, ओठ निळसर दिसायला लागले. नागपूरला दाखवलं तर हृदयात दोष निघाला. ऑपरेशन दिल्लीलाच होईल म्हणाले.

निघण्याआधी ताई जामसांवलीला गेली. मी बरोबर होते. निजलेल्या मारुतीपुढे ती इतका वेळ हात जोडून उभी राहिली की मागच्या बाया कुरकुरायला लागल्या. आमच्याकडे नवस बोलताना आवडीचा एखादा पदार्थ सोडतात. खरं तर बरेच जण नावडीचाच सोडतात. आमच्या आईनं माझ्या परीक्षेसाठी कारलं सोडलं होतं आणि मारुतीनं तेही गोड मानून घेतलं. ताईनं काय सोडलं ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात माझ्या हातात होता, एवढं आठवतं.

ऑपरेशन पार पडलं. ते दिवस ताई, भाऊजी आणि मी दवाखान्याच्या धर्मशाळेत कसे काढले ते लिहिण्याची माझ्यात ताकद नाही. पण पोरगी उठली, चालली, एक दिवस धावली. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, हिला आता इतर मुलांसारखं खेळू द्या. दिल्लीत तेव्हा झुल्यांची एक मोठी बाग नव्यानंच उघडली होती, परदेशात असतात तशी. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून भाऊजींनी आम्हाला तिथे नेलं. खेळायची परवानगी मिळाली तरी झुल्यात बसायची मीनूला अजून मनाई होती, म्हणून आम्ही खाण्याच्या बाजूला वळलो. आणि ताई जागच्या जागी उभी राहिली. रांगेनं दुकानं, प्रत्येकावर एकेका देशाचा झेंडा. चीन, इटली, जपान, अमेरिका, मेक्सिको. चीनच्या कढईमागे गढवालचा माणूस होता आणि इटलीच्या भट्टीवरचा तर आपल्या बैतुलचा निघाला, तरी वास मात्र आम्ही कधीच न घेतलेले होते. मी मनात म्हटलं, आता ही काही आवरत नाही.

तिनं सगळं घेतलं. शिरक्याच्या आंबट चिनी शेवया, चीजचा पिझ्झा, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, मक्याच्या कडक पोळीत भरलेला राजमा, लोखंडी साच्यात भाजलेली चौकड्यांची गोड पोळी. एकेक बशी आमच्यापुढे ठेवायची आणि समोर हनुवटीवर हात घेऊन बसायची. "कसं लागते, सांग." मीनू म्हणाली, पिझ्झा म्हणजे जाड भाकरीवर टमाट्याची चटणी आणि वर ओढलं तर लांब होणारं दूध. ताई खुदकन हसली. भाऊजी म्हणाले, बरं आहे. त्यावर त्यांना तिथेच, परदेशी झेंड्यांच्या साक्षीनं, बोलणी बसली. पण ती स्वतः काही खात नव्हती. उपास असेल असं मला आधी वाटलं, मग आठवलं की तिनं सकाळी पोळी-भाजी खाल्ली होती. शेवटी मी शेवयांचा चमचा भरून तिच्या तोंडापाशी नेला. तिनं मान वळवली.

"नाही खाऊ शकत मी, बेबी. जामसांवलीले सोडलं."

"काय सोडलं? चिनी शेवया?" मी चेष्टेत विचारलं.

"जे आजपर्यंत खाल्लं नाही, ते सगळं."

मारुतीपुढे उभं राहून ती म्हणे प्रामाणिकपणे विचार करत होती, आपल्याला सगळ्यात जास्त आवडतं काय? पुरणपोळी? आंबा? नाही. न खाल्लेल्या गोष्टीचा पहिला घास. तोच तिनं देऊन टाकला. कारल्यावर भागवणाऱ्या आईची ही लेक! मी तो चमचा हातात धरून बसले. मला देवाचा राग आला, तिचा आला, आणि मीनू समोर साखरेचे ओठ पुसत बसली होती.

पोर बरी झाली की नवस सुटेल, असं मी धरून चालले होते. गावी आल्यावर विषय काढला तर ताई म्हणाली, "मीनू बरी होईपर्यंत, असं मी म्हटलंच नाही न. घाईत राहून गेलं माझ्याकडून." आणि हसली. देवळातल्या गुरुजींनी सांगितलं, नारळ वाढवा, पाया पडा, मारुतीराया काही अडवून धरत नाही. भाऊजींनीही परोपरीनं समजावलं. एका शनिवारी ती नारळ घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. देवळाच्या अंगणात मीनू पळत होती, म्हणाली, तिला पळताना पाहिलं आणि हिंमतच झाली नाही. पुन्हा आम्ही तिला त्याबद्दल छेडलं नाही.

पण खादाड माणूस गप्प बसतो थोडाच! दिल्लीच्या त्या बागेतलं एकूण एक खाणं तिनं सौंसरच्या स्वयंपाकघरात करायला घेतलं, जिभेवर कणही न ठेवता, केवळ आमच्या सांगण्यावरून. शेवया घरच्या, काळं आंबट पाणी नागपूरहून मागवलेलं, पिझ्झ्याची भाकरी तव्यावर झाकण ठेवून भाजलेली. मीनू चाखायची, डोळे मिटून सांगायची आणि ताई त्यावरून मीठ-मिरची हलवायची. मी गेले की मलाही ओट्यापाशी उभं करायची. मोहगाव-रामाकोन्याहून पाहुणे येत ते मुद्दाम हे खायला. दिल्लीतल्या चवीशी त्याचं फारसं नातं उरलं नव्हतं, मी तर म्हणेन की ते दिल्लीपेक्षा चांगलं व्हायचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती स्वतःसाठी पोळी आणि लोणचं घेऊन बसायची, आणि आमची ताटं न्याहाळत जेवायची. हेच ते लोकांनी पाहिलेलं सोशिकपण.

तिची-माझी शेवटची भेट तिच्या खोलीत झाली. शेजारच्या मुलानं आखाती देशातून एक बाटली आणली होती, खारवलेली हिरवी फळं, बोराएवढी. ती मी तिच्यासाठी नेली. ताईच्या पोटात तेव्हा पेजेखेरीज काही ठरत नव्हतं. बाटली पाहून मात्र उशाला टेकून उठून बसली आणि मला म्हणाली, खा. मी एक तोंडात टाकलं, तोंड वेडंवाकडं झालं. कडू, खारट, मधे तेलकट, जणू कच्च्या निंबोळीला कुणी मिठात बुडवून ठेवलं... मी सांगत होते आणि ती पोट धरून हसत होती. हसून झाल्यावर दमली. मी एक फळ काढून तिच्यापुढे धरलं. म्हटलं, ताई, एक खा. आता तरी खा. तुझी पोर मोठी झाली, शाळेच्या शर्यतीत धावून राहिली.

तिनं ते फळ बोटांत घेतलं, वास घेतला, फिरवून फिरवून पाहिलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं.

"मीनूची वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, बेबी. तेवढी होऊ दे."

पुढचा महिना तिला दिसणार नाही, हे तिला माहीत होतं. मला माहीत होतं हेही तिला माहीत होतं. ते एक फळ हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही.

तपासणी झाली. मीनू ठणठणीत आहे. त्याच आठवड्यात ताईचं पहिलं मासिक श्राद्ध होतं. जेवणं उरकली आणि भाऊजींच्या म्हाताऱ्या आत्यांनी मीनूला जवळ बसवून घेतलं. आईच्या नावानं काहीतरी सोडावं, असं त्यांनी प्रेमानंच सांगितलं, त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. मीनूनं क्षणभर विचार केला. विचार करताना ती अगदी आईसारखी दिसली. म्हणाली, मी आईच्या चिनी शेवया सोडते.

भाऊजी दाराशी बसले होते. या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "नाही," ते म्हणाले. "या घरात आता कोणी काही सोडणार नाही."

मीनूचे डोळे भरले. तिनं विचारलं, "मग मी आईसाठी करू काय, बाबा?"

भाऊजी दाराशी बसलेले उठून तिच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "खा. अन् तिले सांग."

संध्याकाळी मी शेवया केल्या, ताईच्या कढईत, अंदाजानं. मीनू बशी घेऊन ओट्याला पाठ लावून खाली बसली. एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि कुणाकडेही न पाहता सांगायला लागली, "आई, आज मावशीनं केल्या. मीठ कमी पडलं. आंबट आधी जिभेले लागते, मग इथं कानामागे येते..."