दाभणानं पाडलेलं भोक

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. भावाला नाही, पोटच्या पोराला तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

शेवटच्या संध्याकाळी मी नि माझी बायको सरू, ओट्यावर मेथी निवडत होतो. मी काड्याही पाल्यात टाकत होतो. ती करवादली, "अवं, शेळीला निवडताय का मानसांना?" हसलो दोघं. पहाटे ती उठलीच नाही.

दिव्यापाशी ठेवायला फोटो पाहिजे, म्हणाले सगळे. कुठला फोटो? सगळ्या संसारात तिचा एकच — खेळायच्या पत्त्याएवढा. त्यात तोंड कुठलं नि पदर कुठला, कळत नाही.

तो मीच काढलेला. पिंपरीला नवा कारखाना उठत होता, तिथं मी कामाला. एका जोडीदारानं शिकवलं — बिस्किटाचा डबा आतून काजळीनं काळा करायचा, आत फोटोचा कागद, समोर सुईनं भोक. "नुसतं टोक घाल," तो म्हणाला. "भोक बारीक तर फोटो स्वच्छ. फक्त दम धरावा लागतो, उजेड सावकाश आत येतो."

दम! तोच माझ्यात कुठं होता? सरूला दारात, उन्हात बसवलं. घाईनं भोक झाकलं; कागद औषधात धुतला तर कोराच. दुसराही तसाच. तिसराही. डोकं फिरलं. गोणी शिवायचं दाभण घेतलं नि त्याच भोकात खुपसलं.

या वेळी फोटो उठला. जोडीदारानं छापून आणला — सगळा धूसर. आळी गोळा झालेली. "काय राव, भुताचा काढला का?" खिदळायला लागले. नि मी काय बोललो? "ही हलली. हिला जागेवर बसता येतं का?"

नव्हती हलली. डोळ्यांना धार लागली तरी नव्हती हलली. पुरावा त्या फोटोतच होता — मागची दाराची चौकटही तेवढीच पुसट. चौकट हलते का हो? पण कुणी बघितलं नाही. तिनंही नाही. नवरा म्हणतो म्हणजे हललेच असेन — एवढंच तिला कळलं.

पोराच्या लग्नात पुण्याहून फोटोवाला आला. सगळे रांगेत बसले नि ही उठली. "मी न्हाई बसत. मी हलते, माज्यापायी समद्यांचा बिघडंल." शेजारच्या खुर्चीत मी — फेटा बांधून, ताठ. एक शब्द पुरला असता. आला का तोंडातून? चार लोकांत हसं होईल, एवढीच भीती. त्यापायी बाईला जन्मभर फोटोतून उठवली.

तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला घेऊन चिंचवड स्टेशनाजवळच्या स्टुडिओत गेलो. एवढा मोठा करून द्या, म्हणालो. त्यानं भिंग लावून बघितलं.

"बाबा, मोठा केला की पुसटपणाही मोठा होणार. तोंडाच्या जागी नुसता डाग येईल. बाई हलल्या होत्या का?"

पोरगा माझ्याकडं बघत होता.

मी 'हो' म्हणालो.