डाव्या हाताचा पाना

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पक्कडी आहेत, हातोडी आहे, टायर काढायच्या पट्ट्या आहेत, लाकडी मुठीचा एक उभा पंपही आहे. मला स्वतःला सायकल येत नाही. लहानपणी शिकायची हौस होती, पण आईने एकदाच डोळे वटारले आणि ती हौस तिथेच संपली. तरी गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी जव्हारपासून मोखाड्यापर्यंत सायकल दुरुस्तीची जुनी हत्यारं गोळा करत हिंडत होते. निवृत्तीनंतर बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आमच्या आळीत बोललं जात होतं. बोलणाऱ्यांची तोंडं मला माहीत आहेत, मी त्यांच्या हळदीकुंकवाला जात नाही.

हत्यारं माझ्या धाकट्या भावासाठी होती. जव्हारला एसटी डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं. आधी भाड्याने सायकली देत असे, मग नुसती दुरुस्ती उरली, मग तीही शाळेच्या मुलींच्या सायकलींपुरती. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही जवळजवळ गेलं. आम्ही त्याला नाशिकला घेऊन धावलो. तो दवाखान्यात पडलेला असताना इकडे माझ्या भाच्याने दुकान रिकामं केलं. मोबाइलचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं, आणि बाबा आता पाना हातात धरणार नाहीत हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. हत्यारं सगळी पोत्यात भरून भंगारवाल्याकडे गेली. हे मला कळलं तेव्हा मी त्याला बोलायचं ते बोलले आणि न बोलायचंही बोलले.

भाऊ घरी आला आणि त्याचा मित्र मोखाड्याहून त्याला भेटायला येऊ लागला. हा मित्र म्हणजे त्याचा जोडीदारच. दोघं पोरवयात जव्हारला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. मित्राच्या घरी जमीन नव्हती, आईबाप मजुरीवर जायचे. सायकलीने त्याला पोटापुरतं दिलं. तो डावखुरा होता. उस्तादाने सुरुवातीला त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारली, मग कंटाळून नाद सोडला. पुढे तो मोखाड्याला गेला आणि आपल्या घराच्या अंगणात गोणपाट अंथरून बसू लागला. माझी नोकरीत मोखाड्याला बदली होती, ती सगळी वर्षं मी त्याच्या घराजवळच राहत होते. चाकाचा आउट, म्हणजे त्याची डगमग, काढायला बसला की तासभर मान वर करायचा नाही. चाक सरळ झालं की तारांवरून बोट फिरवायचा, आणि त्या तारांचा आवाज ऐकून आतून त्याची बायको विचारायची, "अवो, च्या टाकू का?" त्याचं उत्तर एकच असायचं, "टाक." मी खिडकीतून हे इतक्या वेळा ऐकलंय की कधी कधी त्यांच्या चहाच्या वेळेला मीही चहा टाकत असे.

आजारपणात दर बाजाराच्या दिवशी तो सकाळच्या गाडीने यायचा. भावाची दाढी करायचा, त्याची मेलेली बोटं एकेक करून मोकळी करायचा, आणि हसत म्हणायचा, आता तूही डावखुरा झालास, उस्ताद असता तर तूही पट्टी खाल्ली असतीस. भाऊ हसायचा. अर्ध्या तोंडाने हसणं फार वाईट दिसतं, पण आम्हाला तेही पुष्कळ वाटायचं. त्याला जे मोजके शब्द येऊ लागले होते, त्यात 'ताई' होता, 'नको' होता आणि 'मोखाडा' होता. मित्राला तो मोखाडाच म्हणायचा.

श्रावणात मित्र गेला. भाताच्या आवणीच्या मजुरीवरून भिजून आला, तापाने पडला, आणि दवाखान्यात न्यायची गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं. मी एकटीच जाऊन आले. येताना जीपमध्ये ठरवलं की भावाला सांगायचं नाही. त्याला धक्का बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमच्या घरात माझा शब्द चालतो. वहिनीने मान डोलावली, भाच्यानेही डोलावली.

मग बाजाराचा दिवस आला आणि भावाने दाराकडे बघत विचारलं, "मोखाडा?" मी म्हटलं, पाऊस फार आहे, गाड्या बंद आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. लेकीकडे नाशिकला गेलाय, म्हटलं. मग त्याने रोज विचारायला सुरुवात केली. कधी लेकीच्या घरी बाळंतपण, कधी पाय मुरगळलेला, कधी रेशनच्या कामासाठी खेपा. मी इतकं सफाईने खोटं बोलत गेले की माझं मलाच नवल वाटायचं. भाऊ ऐकून घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. हळूहळू त्याने हाताचा व्यायाम सोडला. घास भरवला तर घ्यायचा, नाही तर मागायचा नाही. तो आमच्या हातातून निसटत होता, आणि मला ते रोज डोळ्यांनी दिसत होतं.

खंडेनवमी जवळ येत होती. आमच्या घरात वडील असल्यापासून त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी रॉकेलने सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. मी मनाशी म्हटलं, याची हत्यारं याच्यापुढे मांडली तर हा उठून बसेल. दुसरं काही मला सुचत नव्हतं, हे खरं.

डेपोमागच्या भंगारवाल्याकडे मी आधी गेले. भावाच्या पोत्यातला बराचसा माल पुढे गेला होता. ढिगाऱ्यात तळाशी एक हातोडी आणि चेनची कडी काढायचा पंच सापडला. हातोडीच्या दांड्याला भावाने गुंडाळलेली जुन्या ट्यूबची रबरी पट्टी तशीच होती. भंगारवाला म्हणाला, मावशी, या वयात सायकलचा धंदा काढताय का? मी म्हटलं, तुझा बंद पाडायला काढतेय. तो हसला आणि त्यानेच मला पुढची नावं सांगितली.

कारागिरांकडून हत्यार घेणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. दाभोशाला एक म्हातारा पूर्वी सायकली भाड्याने द्यायचा. त्याने पक्कडी आणि पट्ट्या दिल्या, पण देण्याआधी प्रत्येक पक्कड उघडून मिटून पाहिली आणि मग माझ्याकडे न बघता पुढे केली. दुसऱ्या एकाने दुकान बंद करून वडापावची गाडी टाकली होती. पंप त्याने आनंदाने दिला, जाताना मला वडापावही खायला लावला. स्पोकचा पाना मात्र दोघांनीही दिला नाही. हा पाना म्हणजे एवढासा, मुठीत मावणारा लोखंडाचा तुकडा. त्याने चाकाच्या तारा कमी-जास्त ताणतात. भाऊ तो करगोट्याला बांधून ठेवायचा. मित्र तर म्हणायचा, बायकोला माहेरी धाडीन, पण हा पाना शेजारी द्यायचा नाही. आणि भावाचा पाना भंगारात कुठल्या कुठे गेला होता.

शेवटी मी मोखाड्याला मित्राच्या बायकोकडे गेले. ती सुपात नागली पाखडत बसली होती. अंगणात नवऱ्याची सायकल भिंतीला टेकून उभी होती, मागच्या चाकाचा आउट माझ्याही लक्षात येण्याजोगा होता. मी सगळं सांगितलं. ती आत गेली आणि फडक्यात बांधलेला पाना घेऊन आली. त्याचा एक कान वाकडा होता. मला वाटलं, कशाखाली तरी येऊन वाकला असेल.

"न्या तुमी," ती म्हणाली. "हितं नुस्ता गंजंल. पन भंगारात घालू नका."

मी पैसे काढले तर ती पुन्हा सुपाकडे वळली. ऐकेचना. शेवटी घरी न्यायला घेतलेली चहापूड आणि साखर तिच्या चुलीशेजारी ठेवून मी निघाले. परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडे खुरासणी पिवळी फुलली होती आणि मी खूश होते. पाना पान्यासारखा, कोण ओळखणार आहे, असं मी मनात म्हणत होते. आज ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओसरीवर मी रॉकेलचं घमेलं घेतलं, भावाला भिंतीला टेकवून बसवलं आणि एकेक हत्यार धुऊन पुसायला त्याच्या डाव्या हातात देऊ लागले. हातोडी त्याने ओळखली. दांड्यावरच्या रबरावर अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई." मला भरून आलं. मग पक्कडी दिल्या. त्या त्याच्या हातात बसेनात, घसरून पडायच्या. पडल्या की तो चिडायचा, आणि त्याला चिडलेला बघून मला बरं वाटत होतं. मग मी पाना दिला.

तो त्याच्या हातात गेला आणि बसला. अंगठा बरोबर त्या वाकड्या कानावर टेकला. भावाने मनगट वळवून पाहिलं, आणि तो हसला; श्रावणानंतर पहिल्यांदा हसला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी तिला खूण केली, बघ म्हणून.

मग त्याने मूठ उघडून पाना डोळ्यांजवळ नेला. वाकड्या कानाकडे पाहत राहिला. तो कान मित्राने मुद्दाम लोहाराकडून वाकवून घेतलेला होता, आपल्या डाव्या अंगठ्यासाठी, आणि ते भावाशिवाय आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. माझ्या तोंडात खोटं तयार होतं, त्याने तुझ्यासाठी पाठवलाय म्हणून. पण हा पाना जिवंत माणूस पाठवत नाही, हे त्या दोघांनीच मला हसत हसत शेकडो वेळा सांगितलं होतं.

"कधी?" तो म्हणाला.

"श्रावणात," मी म्हटलं.

त्याने मान भिंतीला टेकली. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मग तो फार कष्टाने, दोन शब्दांमध्ये दम घेत बोलला.

"रोज… विचारलं."

मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, धक्का बसेल. डॉक्टरांनी सांगितलेलं तसलं काही झालं नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याहून मोठी असून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याला जपत होते असं म्हणत होते. खरं तर मी त्याच्या मित्रासाठी रडायचा त्याचा हक्क काढून घेतला होता, आणि तो बिचारा तेवढे दिवस समजत होता की मोखाडा आपल्याला विसरला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली नाही. मी पाट मांडला तर त्याने "नको" म्हटलं. आम्ही त्या घरचे कुणी लागत नाही, तरी त्याने सुतक धरलं. हत्यारं मी पेटीत भरली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. पाना तेवढा त्याच्या मुठीत राहिला. झोपेतही त्याने तो सोडला नाही. दसऱ्यानंतर एका सकाळी तो म्हणाला, "मोखाडा." या वेळी तो विचारत नव्हता.

भाच्याने जीप ठरवली. वाटेत बापाला वळणावळणाला तोच धरून बसला होता. राग माझा त्या दिवशी उतरला. मोखाड्याला आम्ही दोघांनी मिळून त्याला अंगणात उतरवलं. मित्राच्या बायकोने त्याला पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि पाणी आणायला आत गेली. तिला तांब्या भरायला, की स्वतःला सावरायला, वेळ लागला.

भावाने भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे बोट दाखवलं. भाच्याने ती उलटी करून त्याच्यापुढे ठेवली, गोणपाट अंथरलं, त्याला बसवलं आणि मागून आधार देऊन उभा राहिला. भावाने डाव्या हाताने चाक फिरवलं, थांबवलं, पाना लावला. एक तार ताणली, पुन्हा फिरवलं. घाम त्याच्या मानेवरून खाली येत होता. चाक पूर्ण सरळ झालं नसावं, पण शेवटी त्याने पाना मांडीवर ठेवला आणि तारांवरून बोट फिरवलं.

आतून आवाज आला, "अवो, च्या टाकू का?"

आणि मग आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. भाऊ चाकावर हात ठेवून बसला होता, त्याने दाराकडे तोंड केलं, ओठ जुळवले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाला, "टाक."